पंख्यासमोरची दोरी

आमच्या धुळ्याच्या शाळेतले सुतारकामाचे नाना माणसाला नमस्कार करण्याआधी "मांगे सरक", म्हणजे मागे हो, म्हणत. मुलांनी त्यांचं नावच मांगेसरक नाना ठेवलं होतं. मी चित्रकलेचा मास्तर. माझा वर्ग त्यांच्या शेजारीच, त्यामुळे दिवसातून वीसदा ते ऐकून माझं डोकं उठायचं.

याला कारण ते विमान. शिंदखेड्याच्या या माणसाने दोन वर्षं खपून नऊ फूट पंखांचं नमुना-विमान बांधलं होतं. त्याला मुंबईच्या भंगारातून आणलेलं पेट्रोलचं लहानसं इंजिन होतं, आणि नाकावर नानांनी स्वतः तासलेला हातभर सागवानी पंखा. तो फिरू लागला की दिसेनासा होई, आणि नानांना धास्ती त्याचीच. "मास्तर, दिसत नही तरी तठेच शे," असं पंखा तिथेच असल्याचं बजावत त्यांनी माझ्याकडून पात्यांची टोकं पिवळी रंगवून घेतली. मग फिरताना निदान एक पिवळं कडं दिसे.

पंखा सुरू करायचा तो काठीने, बोटाने नाही. उपरणं, मफलर आधी काढून ठेवायचं. समोर उभं राहायचं नाही, बाजूलाही नाही, आणि भोवती चारी अंगांनी दोरी. त्या दोरीपायी आम्ही कितीदा भांडलो! शाळेत विमान आणलंय की वाघ, असं मी एकदा चिडून विचारलंही. नाना म्हणाले, "लाकूड परत तासता ई. हात नही."

शाळेच्या प्रदर्शनात विमान उडालं तर विमानबांधणीचा वर्ग काढू, असं संस्थेच्या अध्यक्षांनी कबूल केलं होतं. नानांना दुसरं काही नको होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी अध्यक्ष तासभर उशिरा आले. तोवर सकाळपासून रुसलेलं इंजिन एकदाचं सुरू झालं होतं, आणि नाना मागे शेपटी धरून बसले होते. अध्यक्षांच्या हातात झेंडूचा हार होता. नवं यंत्र म्हटल्यावर हार हवाच. नाना ओरडले, "आते नही! बंद करू द्या पहिले!" इंजिनाच्या आवाजात ते मला अर्धवटच ऐकू आलं. पण एवढ्या मोठ्या माणसाला ताटकळत ठेवणं बरं दिसेना, म्हणून मी दोरी वर उचलली.

अध्यक्ष वाकून आत गेले आणि त्यांनी हार थेट त्या पिवळ्या कड्याकडे नेला. नानांनी विमान मागे खेचलं आणि शेपटी उचलून नाकावर आपटलं. पंख्याच्या चिरफळ्या झाल्या, इंजिन मातीत रुतलं. दोन वर्षांचं काम एका क्षणात गेलं.

चारचौघांत आपला अपमान झाला, एवढंच अध्यक्षांना कळलं. "शिक्षक तापट. वर्ग काढू नये," असा शेरा त्यांनी लिहिला, त्याच हाताने. त्यांना आत कुणी सोडलं, असं हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा मी फरशीकडे बघत राहिलो. नानांनीही माझं नाव घेतलं नाही. एकदा घेतलं असतं तर मी सुटलो असतो.

जूनमध्ये नाना राजीनामा देऊन शिंदखेड्याला निघाले. मी मोटारस्टँडवर गेलो आणि खिडकीशी उभा राहून कशीबशी माफी मागितली.

"बोटे वाचनात ना त्यासना?" नानांनी अध्यक्षांची बोटं वाचली ना, एवढंच विचारलं. "मंग बस."

मोटार सुरू झाली. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि मला चाकापासून लांब ढकललं.