चाकू ठेव म्हणा

चांदूर रेल्वेच्या फलाटावर आई रडली नाही. गाडी हलली तशी तिने खिडकीतून जवसाच्या चटणीची पुडी माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाली, "जाय. हात चालते तोवर कुठंबी निभते." तुमच्यापैकी काही जण त्या दिवशी फलाटावर होते, काही पुढे माझ्यासारखेच गाव सोडून गेले. हे तुम्हा सगळ्यांसाठी लिहिते आहे.

जर्मनीत नोकरी लागली, भाषा आली, मी रुळले. गावाकडे काय करता, असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, "आमची शेती आहे." साफ खोटं. आईने जन्मभर लोकांच्या वावरात मजुरीने भाज्या तोडल्या. त्या हातांनी मला इंजिनिअर केलं आणि मी तेच हात लपवत होते. सांगायला लाज वाटते, पण होतं ते असं होतं.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये आई तीन महिन्यांसाठी आली. पंधरा दिवसांतच म्हणाली, "मले वापसीचं तिकीट काढून दे. भांडे मशीन घासते, झाडू मशीन मारते. माह्या हाताले इथं काम नाही."

त्या रविवारी शेजारच्या केलरबाई जेवायला आल्या. येताना आपल्या मळ्यातली हिरव्या ॲस्परॅगसची जुडी घेऊन आल्या. हे आपल्या शतावरीच्या जातीचे, जमिनीतून वर येणारे बोटाएवढे जाड कोंब. वसंतात इथली माणसं त्यांच्यासाठी वेडी होतात. मी दरवर्षी ते सुरीने एकसारखे कापायचे आणि दरवर्षी खालच्या तुकड्यांचा चोथा दातात अडकायचा. आताही सुरी उचलली, तोच आईने मनगट धरलं.

"काहून कापून राहिली? मोड."

तिने एक कोंब दोन्ही टोकांना धरून वाकवला. कट्! "गवारीसारखंच आहे हे. जिथं सोताहून मोडते, तिथून वर कवळं. खालचं ढोरायले."

मग कढईत तेल, मोहरी, ठेचलेला लसूण, वर हे तुकडे. मोठ्या आचेवर चार मिनिटं, मीठ, आणि शेवटी मूठभर जवसाची चटणी. झालं तोंडी लावणं.

केलरबाईंनी तीनदा वाढून घेतलं. एवढं कोवळं कसं, कुणी शिकवलं, विचारू लागल्या. मी आईकडे पाहिलं आणि जर्मनमध्ये सगळं खरं सांगून टाकलं. आमची शेती नाही, माझी आई दुसऱ्यांच्या शेतात भाज्या तोडायची, कोवळं-निबर तिच्या बोटांना कळतं.

"काय सांगतलं वं तिले?" आईने विचारलं. मी सांगितलं. तिने उरलेली जुडी केलरबाईंच्या पुढ्यात सरकवली.

"मंग तिले चाकू ठेव म्हणा. मी शिकवतो."

तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. आई पूर्ण तीन महिने राहिली.

आता ती चांदूरला आहे. परवा केलरबाई या वर्षीची पहिली जुडी घेऊन आल्या आणि सुरीकडे न बघता मोडायला बसल्या. व्हिडिओ कॉलवर आईचं लक्ष होतंच. "अवं, इतकं वरून काहून मोडते ते? खाली धर म्हणा, अर्धं वाया घालून राहिली!" मी ते जर्मनमध्ये सांगितलं. केलरबाईंनी मुकाट हात खाली सरकवला.

तुझं घर कुठलं, असं कुणी विचारलं तर आता मी अडखळत नाही. जिथे माझ्या आईचा शब्द चालतो ते माझं घर, आणि तो इथेही चालतो.