आधी मेण, मग कुंकू

शैलश्री भालकीहून मंठाळला पोचली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, आणि तिच्या आईला आंघोळ घालून भिंतीला टेकवून बसवलंही होतं. लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, फुलांच्या पालखीत ठेवून तोंड न झाकता गावातून नेतात, आणि मातीतही बसलेलंच ठेवतात. त्या पालखीला विमान म्हणतात. रुद्रम्मा तशीच बसली होती. अंगावर पांढरं इस्त्रीचं लुगडं, कपाळभर विभूती, हात मांडीवर. शैलश्रीनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला रडूच येईना. हे तोंड तिच्या आईचं नव्हतं. चौतीस वर्षं गावाच्या नाकावर टिच्चून रुपयाएवढं कुंकू मिरवलेलं कपाळ पुसून नुसत्या राखेचं करून ठेवलं होतं, आणि ज्यांनी ते केलं ती मंडळी ओट्यावर बसून शेजारून आलेला चहा पीत होती.

रुद्रम्माचं तोंड म्हणजे काय, हे सांगायचं तर तिची सकाळ सांगावी लागते. घरचं किराणा दुकान आठला उघडायचं, म्हणून साडेसातला ती न्हाऊन उजेडाच्या दारात बसायची. समोर सागवानी ऐनापेटी. झाकण मागं टेकवलं की आतला आरसा उभा राहायचा. त्याच्या एका कोपऱ्यातला पारा उडाला होता, त्यामुळं रुद्रम्माला स्वतःचा डावा कान कधी दिसला नाही. आधी स्नो, बोटाच्या टोकावर मावेल एवढाच, आणि बोटाला उरलेला शैलश्रीच्या गालाला पुसला जायचा. मग पावडर. तीही लावून अर्धी पुसून टाकायची. "गिरणीतून आल्यावानी दिसू न्हाई," म्हणायची. काजळ घरचं, एरंडेलाच्या दिव्यावर पितळी ताटली धरून जमवलेलं आणि लोण्यात खललेलं. शेवटी कपाळ. मेणाच्या डबीत बोट फिरवून भुवयांच्या मधोमध गोल काढायचा आणि त्यावर कुंकू दाबायचं. चार कण नाकावर सांडायचेच. पदराचं टोक बोटाला गुंडाळून ती ते टिपायची, आरशात एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून बघायची आणि म्हणायची, "हं, आता चला."

समोरच्या दारातून शकुबाई रोज हे बघायची. शकुबाई पंचविशीत विधवा झालेली. गल्लीत कुणाचा नवरा गेला की बाईचं कुंकू पुसायला तिलाच बोलवायचे, कारण सवाष्णीनं ते काम करायचं नसतं. स्वतःचं पुसलं गेलेल्या बाईकडून दुसरीचं पुसून घ्यायचं, ही अक्कल कुणाची होती कोण जाणे.

शैलश्री बारा वर्षांची असताना तिचे वडील गुरुबसवअप्पा हुमनाबादच्या बाजारातून येताना छातीत कळ येऊन गेले. धाकटा भाऊ वीरण्णा तेव्हा आठ वर्षांचा. दुपारी शकुबाई ओलं फडकं घेऊन आली. रुद्रम्माचे डोळे रडून सुजले होते, पण तिनं शकुबाईचं मनगट धरलं.

"मंगळसूत्र त्यांनी बांधलं व्हतं, ते काढून दिलं. कुंकू माझ्या आईनं पाळण्यात लावलं व्हतं. ते कामून पुसायलीस?"

"वहिनी, रीत हाय ती," रुद्रम्माचा दीर सिद्धराम म्हणाला.

"भिंतीवर बसवण्णांचा फोटो लावायला तुमी, अन् बाईचं कपाळ पुसायलाबी तुमीच. दोन्हीतलं एक काय ते ठरवा."

सिद्धरामला ते त्या दिवशी ठरवता आलं नाही आणि पुढं चौतीस वर्षांतही आलं नाही. शकुबाईच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. ती घरी गेली, आणि कुणाचंच कुंकू पुसायला परत कधी गेली नाही. तिच्या वेळी कुणी असं मनगट धरलं नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात रुद्रम्मा दुकानात गल्ल्यावर बसली, तोंडाची सगळी उस्तवार करून, अंबाड्यात अबोली माळून. गाव पेटलं. बायका हळदी-कुंकवाला बोलवीनात, लग्नात मांडवाच्या मागं बसा म्हणायच्या. ही पुढच्या रांगेत जाऊन बसायची. पाठीमागं नाही नाही ते बोलायचे, पण गूळ तिच्याच दुकानातून न्यायचे, कारण तिचा गूळ चांगला असायचा. "तोंड वाकडं करून का व्हईना, गिऱ्हाईक येतंय ना," म्हणून ती पुडी बांधायची.

ह्या सगळ्यात एक गोष्ट शैलश्रीनं केली होती, आणि ती तिला अजून टोचत होती. आठवीत असताना वर्गातल्या पोरी चिडवायच्या, म्हणून ती आईला म्हणाली, "अव्वा, शाळेत येताना कुंकू नको लावूस." रुद्रम्मानं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली ती नेहमीपेक्षा मोठं कुंकू लावून, आणि हेडमास्तरांसमोर ताठ बसली. शैलश्रीला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पुढं ती स्वतः मास्तरीण झाली, आणि आपण त्या दिवशी कुणाच्या बाजूला उभ्या होतो हे तिला हळूहळू कळत गेलं.

दोन वर्षांपूर्वी दोघी दुकानात बसल्या असताना रस्त्यावरून कुणाचं तरी विमान गेलं. रुद्रम्मानं चष्मा वर करून पाहिलं.

"बघितलंस? निस्ती राख. जन्मभर सासूनं बघितलं नसंल असं तोंड, अन् आज सगळं गाव बघायलंय. माझं तोंड तू करायचंस. शब्द दे."

"देते अव्वा."

"सिद्धरामभाऊ आडवं येतील."

"येऊ दे."

आता सिद्धरामकाका ओट्यावरच होते. शैलश्री उठली आणि भावाला म्हणाली, "वीरण्णा, ऐनापेटी कुठंय?"

वीरण्णानं मान खाली घातली. काका तिथूनच म्हणाले, "आता पेटीबिटी काय न्हाई. अय्यांनी विभूती लावलीय. विधवा बाई हाय, विधवा म्हणून जाऊ द्या. व्हय का न्हाई, अय्या?"

अय्या म्हणजे विधी करायला आलेले जंगम; त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला आणि तो बराच वेळ काढला नाही.

"अक्का, चार माणसं जमलीत," वीरण्णा हळू आवाजात म्हणाला. "आज वाद नको."

"आजच हाय वाद. उद्या तिचं तोंड मातीत असंल. मी भांडू कुणाशी?"

मग आतल्या खोलीचं दार वाजलं आणि नागरत्ना पेटी घेऊन बाहेर आली. ही वीरण्णाची बायको. आईकडं ही नीट बघत नाही अशी शैलश्रीची ठाम समजूत होती, आणि ह्या नणंद-भावजयींचं धड बोलणं होऊन तीन दिवाळ्या झाल्या होत्या.

"काकांनी सकाळीच पेटी माळ्यावर टाका म्हणून सांगितलं," नागरत्ना म्हणाली. "मी माझ्या साड्यांत ठेवली. आत्यांचा हात थरथरायला लागल्यापासून रोज मीच लावत व्हते."

शैलश्रीला तिच्याकडं बघवेना. इतकी वर्षं आपण हिला नावं ठेवत होतो, आणि आईचं तोंड हिच्या हातून गावात जात होतं. ती आईशेजारी बसली आणि झाकण उघडून मागं टेकवलं. आरशात मायलेकींची तोंडं दिसली, आणि पारा उडालेला तोच कोपरा.

स्नो गार कातडीत मुरेना. ती बोट फिरवत राहिली, आणि उरलेला नकळत स्वतःच्याच गालाला पुसला. पावडर लावली आणि अर्धी पुसून काढली. मिटलेल्या पापण्यांच्या कडेला काजळाची रेघ ओढली. मग कुंकू घेतलं आणि विभूतीच्या पट्ट्यांखाली दाबलं. ते टिकेना. सगळं घसरून नाकावरून पांढऱ्या लुगड्यावर सांडलं.

"बघा," काका म्हणाले. "देवालाबी मंजूर न्हाई."

"देवाचं काय न्हाई त्यात," नागरत्ना म्हणाली. "अक्का, आधी मेण. मग कुंकू."

शैलश्रीला तेच आठवलं नव्हतं. आयुष्यभर बघितलेलं, आणि ऐन वेळी विसरली. मेण दगडासारखं झालं होतं. नागरत्नानं तळहातांत घोळवून ते ऊन केलं, शैलश्रीनं गोल काढला आणि कुंकू दाबलं. ह्या वेळी ते बसलं. चार कण नाकावर राहिले, पण तेवढ्यात काका उठले आणि तिचं लक्ष तिकडं गेलं.

"असल्या विमानाला मी खांदा देणार न्हाई."

वीरण्णानं बहिणीकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, आणि मग आईच्या तोंडाकडं. आता ते आईचं तोंड होतं.

"नका देऊ काका," तो म्हणाला. "आमी हाव."

विमान दुपारी निघालं. काका खांदा न देता पुढं चालत होते, कारण न जावं तर गाव काय म्हणेल, ही भीती होतीच. उन्हात रुद्रम्मा झेंडूच्या माळांत ताठ बसली होती, लुगड्यावर सांडलेलं कुंकू तसंच मिरवत. लोक दारादारांत आले आणि बघू लागले. काही बायकांनी तोंडाला पदर लावला. शैलश्री विमानाच्या शेजारून चालली होती आणि तिची मान एकदाही खाली गेली नाही. आठवीत जे करायचं राहिलं होतं ते ती आता करत होती.

गल्लीच्या तोंडाशी शकुबाई काठी टेकून रस्त्याच्या मधोमध उभी होती. आता ऐंशी ओलांडलेली, कपाळ कोरं.

"थांबवा जरा," ती म्हणाली. "खाली घ्या."

माणसांनी विमान टेकवलं. शकुबाई जवळ गेली आणि पदराचं टोक हातात घेतलं. काकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. चौतीस वर्षांपूर्वी राहिलेलं काम म्हातारी आज पुरं करणार, असं त्यांना वाटलं. शैलश्रीनं मनगट धरायला हात पुढं केला.

शकुबाईनं टोक बोटाला गुंडाळलं आणि रुद्रम्माच्या नाकावरचे कुंकवाचे चार कण हलकेच टिपले. कपाळाला धक्कासुद्धा लागू दिला नाही. मग तिनं एकदा डावीकडून बघितलं, एकदा उजवीकडून.

"हं," ती म्हणाली. "आता चला."