मंगलचा फोन

काल मेथी निवडत होते, म्हणून मुलीचा फोन घेतला नाही. नंतर हात पुसून मोबाईल उचलला, पण मेथीचा तो कडसर वास बोटांना राहिलाच, आणि मला तारामावशी आठवल्या.

नव्वद सालानंतरची गोष्ट. अंथुर्ण्याला आमच्या वस्तीवर फोन फक्त आमच्याकडं होता. मी नवी सून. एका दुपारी शेजारच्या तारामावशींच्या लेकीचा, मंगलचा फोन आला. तिच्या सासरी फोन नव्हता, कुठल्याशा बूथवरून बोलत होती. "वहिनी, आईला बोलवा. लवकर," एवढंच म्हणाली. रिसीव्हर बाजूला ठेवून मी मळ्याकडं पळाले.

मावशी मेथीच्या जुड्या टाकून तशाच आल्या. पाहतो तर फोन जागेवर, वर विणलेला रुमाल. सासूबाईंनी रोजच्यासारखा पुसून झाकून ठेवला होता. "उलटा पडला हुता, म्हणून नीट ठिवला," त्या म्हणाल्या.

मावशींनी तरी रिसीव्हर उचलला. मातीच्या दोन्ही हातांनी धरून म्हणाल्या, "मी बरी हाय गं. तू जेवलीस का?" आतून नुसता भुंग्यासारखा आवाज येत होता. दिवेलागणीपर्यंत त्या फोनशेजारी बसून होत्या. तो वाजला नाही.

दिवाळीला मंगल आली तेव्हा म्हणाली, "काय न्हाय, सहज केला हुता." मावशी तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

आता नंबर दिसतो. मी लगेच मुलीला फोन लावला.

"काही नाही गं आई, सहज केला होता," ती म्हणाली.

तिनं ठेवल्यावरही मी मोबाईल कानाला तसाच धरून उभी होते.