बारा मात्रा एका जागी

शर्टांच्या कारखान्यात काजं करणाऱ्या या बाईला सगळे भोंगा म्हणत. तिला त्याचा राग येत नसे असं कुणी सांगितलं तर ते साफ खोटं. राग यायचा, ती गिळायची. आवाजच तसा होता, जाड आणि खालचा. फोन उचलला की पलीकडचा म्हणे, "साहेब, जरा बाईंना देता का?" मग ती "देतो" म्हणायची, दोन क्षण थांबायची आणि पुन्हा स्वतःच बोलायची. शाळेत गाण्याच्या तासाला शिक्षकांनी तिला सर्वांदेखत सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस. इतर मुली बक्षिसं जपून ठेवतात, तसं तिने हे वाक्य जपलं होतं.

सेहेचाळिसाव्या वर्षी तिला कारखान्याच्या फळ्यावर एक चिठ्ठी दिसली. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी दुपारी समूहगान, कोणीही यावं. त्या 'कोणीही'वर तिची नजर अडली. बघू या खरंच कोणीही चालतं का, असं म्हणून ती गेली.

तिथे शिकवणाऱ्या बाई दुसऱ्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या. शाळेतलं ते वाक्य तिने त्यांना आल्याआल्याच सांगून टाकलं. त्यांनी पियानोवर एकेक सूर देत तिला वर नेलं. पाचव्या-सहाव्या सुरालाच तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या आणि तिने पर्स उचलली. बाईंनी मात्र उलटा प्रवास सुरू केला, खाली, आणखी खाली. अडकलेला ड्रॉवर एकदम सुटावा तसा तिचा आवाज मोकळा झाला. खोलीतल्या बायका वळून बघायला लागल्या.

"आवाज ओढूनताणून किती वर जातो ते नसतं बघायचं," बाई म्हणाल्या. "तो आरामात कुठे बसतो ते बघायचं. तुमचा खाली बसतो. याला आल्टो म्हणतात. बाईचाच आवाज आहे हा, पुरुषाचा नाही. शाळेत तुम्हाला चुकीच्या खुर्चीवर बसवलं, एवढंच."

घरी जाताना ती जिन्यात बसून रडली. आनंदानेच, पण सदतीस वर्षांचा संतापही होता त्यात.

आता आल्टो झालं म्हणजे सगळं सोपं झालं, असं नाही. गाण्याची चाल वरचे आवाज गातात, लोक तीच गुणगुणत घरी जातात. आल्टोच्या वाट्याला येते चालीच्या खालची आणि पियानोच्या वरची, म्हणजे मधली ओळ. ती एकटी ऐकली तर गाणं ओळखूही येत नाही. दोन पावलं वर, एक खाली, मग कितीतरी वेळ तिथेच. म्हणून आल्टोवाल्यांची खोड ठरलेली. कान चालीच्या मागे लागतो आणि आपण कधी वर चढलो ते कळतही नाही.

सुरुवातीला आल्टोत चौघी होत्या, एकमेकींना धरून गायच्या. मग एकीची बदली झाली, एकीला नातू झाला, तिसरीला दम्याने धरलं. जाहीर कार्यक्रमाला महिना उरला होता. बाईंनी अगदी मायेने सुचवलं, मधली ओळ गाळू या. तुम्ही चालच म्हणा, जरा हळू.

"म्हणजे ओठच हलवायचे ना?" ती म्हणाली.

तिने तीन आठवडे मागून घेतले. अट अशी, की तिसऱ्या शनिवारी वरची चाल गाणाऱ्या सातजणी आणि खाली ती एकटी. एकदा जरी घसरली, तर मुकाट्याने सातजणींत जाऊन उभी राहणार. घसरायची जागाही तिला पाठ होती. दुसऱ्या कडव्यात चाल जिना चढावा तशी वर जाते आणि आल्टोने बारा मात्रा एकाच सुरावर थांबायचं असतं.

घरी तालमीला वेळ एकच, भांडी घासताना. स्वयंपाकघरात टेबलाशी सासूबाई मटार सोलत बसलेल्या असायच्या. वय ऐंशी, गुडघे कामातून गेलेले, कान मात्र तिखट. सुनेच्या फोनवर वाजून वाजून चाल त्यांनाही पाठ झाली होती.

"अगं, चाल अशी नाहीये. हे ऐक." त्यांनी उंच, खणखणीत आवाजात म्हणून दाखवली, आणि सुनेचा आवाज सरळ त्यांच्या मागे गेला. "आता कसं बरोबर आलं," म्हणत त्यांनी पुढची शेंग उचलली.

तिने एकदा समजावून पाहिलं, की माझी ओळच वेगळी आहे. त्यावर सासूबाई म्हणाल्या, सुरात नसलं की माणसं असंच काहीतरी सांगतात. दोन दिवस तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता हात थांबला. ही बाई एकटी सातजणींना भारी आहे, मग आपण तिच्यापासून पळतोय कशाला?

तिने नळ बंद केला, खुर्ची ओढून सासूबाईंच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि मधली ओळ सुरू केली. सासूबाई तत्काळ दुरुस्तीला धावल्या. पहिला आठवडा ती रोज घसरली. मग तिला काजाचं मशीन आठवलं. एकोणीस वर्षं ती त्याच्या शेजारी बसत होती. बाहेर कितीही गोंधळ होवो, ते आपल्या एका सुरात घुमत राहतं. तोच सूर मनात धरून ती सात मात्रा टिकली, मग नऊ. सासूबाईही हट्टाला पेटल्या. घसा बसला तर गरम पाणी पिऊन पुन्हा गायच्या. कोण आधी दमतंय, एवढंच बघायचं राहिलं होतं.

ठरल्या शनिवारी बाईंनी सर्वांत मोठ्या आवाजाच्या दोघींना तिच्या दोन बाजूंना उभं केलं. दुसरं कडवं आलं. सातजणी जिना चढू लागल्या. सासूबाईंच्या मानाने त्या अगदीच अदबीने गात होत्या. ती जागची हलली नाही. नवव्या मात्रेला उजवीकडची बाई गडबडली आणि वर जायची ती खाली, तिच्याच सुरावर येऊन टेकली. बारा मात्रा पूर्ण झाल्यावर बाईंनी पियानो थांबवला.

"ओळ राहील," त्या म्हणाल्या.

ती घरी आली तेव्हा सासूबाई वाटच बघत होत्या. "काय गं, जमली का शेवटी चाल?"

"नाही, आई. एकदाही जमली नाही." आणि तिने सगळं सांगितलं, शाळेतल्या त्या वाक्यापासून. ते तिने घरात आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

सासूबाईंनी हातातली शेंग न सोलताच खाली ठेवली. "म्हणजे तू बरोबर म्हणत होतीस."

"हो."

"आणि मीपण."

"तुम्हीपण."

"तीन आठवडे घसा फोडला मी, आणि तुझं एकदा नीट ऐकलं नाही." त्यांनी मटारचं भांडं बाजूला सारलं. "म्हण आता. या वेळी मी नुसते ओठ हलवते."

ती टेबलाशी उभी राहिली आणि मधली ओळ सुरुवातीपासून एकटी गायली. दुसऱ्या कडव्याला सासूबाईंनी डोळे मिटले. त्या ओठही हलवत नव्हत्या. टेबलावर बोटाने मात्रा मोजत होत्या, आणि बाराच्या बारा भरल्या.