पोटाचं पुढे आहे

डिसेक्शन हॉलच्या दाराशी वैशाली थांबली ती थांबलीच. बाकीची बॅच टेबलांभोवती गोळा झाली होती. डिसेक्शन म्हणजे देहदानातून आलेल्या मृतदेहाचा एकेक थर उलगडत केलेला अभ्यास. हातपाय झाले होते. आजपासून पोट.

मी नागपूरच्या एका मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचना शिकवते. फर्स्ट इयरची काही मुलं माझ्याकडे सोपवलेली असतात. वैशाली त्यातली. वडील हिंगण्याच्या एका कंपनीची बस चालवायचे.

सुरुवातीला तिचं सगळ्यांसारखंच झालं. बारावीपर्यंत पहिली येणारी मुलगी इथे पहिल्याच टेस्टमध्ये गळपटली. सकाळी लेक्चर, मग डिसेक्शन, दुपारी प्रॅक्टिकल, आणि पुस्तकं उशीएवढी जाड.

"मॅडम, मी एक पान वाचेपर्यंत वर्ग पुढच्या धड्यावर गेलेला असतो," ती म्हणायची.

"सवय होईल," मी म्हणायचे. होतही होती.

दिवाळीनंतर तिच्या वडिलांना कावीळ झाली. हॉस्पिटल आमचंच. लिव्हर निकामी होत चाललं होतं. लेक्चर संपलं की ती वॉर्डात, वॉर्डातून धावत प्रॅक्टिकलला. मी वडिलांना बघायला गेले, तेव्हा आई तिलाच विचारत होती.

"वैशू, तुह्या बाबाचं पोट काहून फुगून राहिलं वं? तू तर डाक्टरकी शिकून राहिली ना?"

"आई, मले हातापायाचंच शिकवलं अजून. पोटाचं पुढे आहे."

आईचा विश्वास बसला नाही. पोरगी लपवते आहे, असंच तिला वाटलं. वडील मात्र म्हणाले, "शिकवतील ना वं. घाई कायची आहे?"

त्याच आठवड्यात ते गेले.

घरचं सगळं आटोपून ती परत आली, आणि आता दारात उभी होती. हेड सर मला हळूच म्हणाले, "तिची अटेंडन्स आधीच शॉर्ट आहे. आणखी बुडाली तर परीक्षेला बसता येणार नाही. नियम मी केलेला नाही."

मी बाहेर गेले.

"आज काय आहे, मॅडम?"

"फक्त पोटाची भिंत. लिव्हर उद्या."

"मग आज येते."

ती आत आली. दुसऱ्या दिवशीही आली. लिव्हर हातात घ्यायची पाळी आली तेव्हा तिने ते दोन्ही हातांनी धरलं.

"मॅडम, पोटात पाणी कशानं भरतं?"

मी सांगितलं. लिव्हर कडक झालं की त्यातून रक्त नीट जात नाही. मागे दाब वाढतो, आणि पाणी पाझरून पोटात साठतं. तिने ऐकून घेतलं. लिव्हर जागेवर ठेवलं. मग बेसिनपाशी जाऊन नळ सोडला आणि रडली. टेबलाभोवतीच्या कुणीच मान वर करून बघितलं नाही.

ॲनाटॉमीत ती नापास झाली. बॅच सुट्टीत घरी गेली, ती हॉस्टेलवर थांबली. फेरपरीक्षेत सुटली. आता सेकंड इयरला आहे, रोज वॉर्डात जाते. आईला अजूनही वाटतं, पोरीला तेव्हा सगळं माहीत होतं.

नव्या बॅचच्या पालकांना मी आता पहिल्याच दिवशी सांगते, निदान वर्षभर यांना घरच्या दुखण्याबद्दल काही विचारू नका. पालक हसतात. त्यांना वाटतं, मॅडम गंमत करताहेत.