खडूबाईंनी पुसलेला ब्लॉग

खडूबाई म्हणजे शाळेतल्या भाषेच्या बाई. बाहीला खडू, चष्म्याला खडू, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. निवृत्तीला टेकलेल्या बाईंनी वर्गाचा ब्लॉग सुरू केला तेव्हा शिक्षकांच्या खोलीत काय हशा पिकला! "म्हातारपणी हे कुठलं खूळ?" गणिताचे सर म्हणाले. बाई कुणाला भीक घालणाऱ्या नव्हत्या. निबंध म्हटलं की ज्यांच्या पोटात दुखायचं, तीच पोरं आता मधल्या सुट्टीतही संगणकाच्या खोलीत ठाण मांडून! आपलं लिखाण जगाला दिसणार म्हटल्यावर कुणाला हुरूप येत नाही?

पोरांनी लिहायचं, बाईंनी वाचायचं, खाली दोन शब्द टाकायचे, की मजकूर ब्लॉगवर. आणि वर्ष संपलं की बाई सगळं पुसून टाकत. नव्या वर्गाला पाटी कोरी मिळाली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. फळा नाही का आपण पुसत?

त्या हिवाळ्यात वर्गातली एक मुलगी तापाचं निमित्त होऊन गेली. नखात रोग नसलेली पोर! बाई तिच्या घरी जाऊन ढसाढसा रडून आल्या. खोटं नव्हतं ते रडणं. पण वर्ष संपलं, बाई सवयीने संगणकापुढे बसल्या आणि सवयीनेच सगळं पुसून मोकळ्या झाल्या. मेल्या सवयीला कुठे डोळे असतात!

दोन-चार दिवसांत मुलीची आई शाळेत आली. ती कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची आणि जेवणाच्या सुट्टीत फोनवर लेकीचं लिखाण वाचायची. रोज. खाली कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं तिने, मग बाईंना कळणार कसं?

"बाई, माझा फोन बिघडलाय वाटतं. पोरीचं पान उघडतच नाही. जरा बघता का?"

खडूबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी संगणकाच्या सरांना बोलावलं. सरांनी बरीच खटपट केली आणि मान हलवली. ब्लॉगची कचरापेटीसुद्धा बाईंनीच रिकामी केली होती. अर्धवट काम त्यांना खपत नाही ना! घरी संगणक नव्हता, त्यामुळे पोरीने जे काही लिहिलं ते शाळेत बसून, थेट ब्लॉगवर.

"मीच पुसलं हो," बाई म्हणाल्या. "याच हातांनी. शिव्या द्या मला, काय वाट्टेल ते बोला."

आई बाकावर बसली. मग हळूच म्हणाली, "मला येतं बरंचसं. रोजच वाचायचे ना. मी सांगते, तुम्ही लिहून घ्या."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या लिहू लागल्या, आई डोळे मिटून सांगू लागली. "आमची आई शिवताना टाचण्या ओठांत धरते आणि तशीच बोलते. आम्हाला त्यातलं अर्धंच कळतं. मग मी तिला म्हणते..."

आई थांबली. "मग मी तिला म्हणते... अगं बाई, आत्ता तर होतं!" तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच अडली. तिने डोळे उघडले. "तुम्ही वाचलंय ना हो बाई. खाली लिहिलंही होतंत, 'शेवट फार आवडला' म्हणून. काय म्हणते ती मला?"

'शेवट फार आवडला' हे बाई निम्म्या वर्गाला लिहीत. त्यांना पोरीचा चेहरा आठवला, आवाज आठवला, बसायची जागा आठवली. ते वाक्य काही केल्या आठवेना.

आई त्यांच्या तोंडाकडे बघत बसली होती.