आक्कांनी रुंद केलेला पट्टा

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही हसत विचारलंत, "आजी, ती डोंगर जाळणारी म्हातारी अजून आहे का?" नाहीत. गेल्या थंडीत गेल्या. पण ते नाव तुमच्या कानावर आपल्याच घरातून गेलं, याची मला फार लाज वाटली. म्हणून आजच लिहायला बसले.

विंझरमध्ये त्यांना सगळे आक्का म्हणत. बोलता बोलता त्या चिमूटभर माती उचलत, बोटांतून सोडत आणि कुठे पडते ते बघत. ही त्यांची वारा पाहायची रीत. लग्नाच्या मांडवातही हात खाली जायचा.

"इस्तू माजं ऐकतो," त्या म्हणायच्या. आणि विस्तव खरंच ऐकायचा. भाताचं बी टाकण्याआधी इकडे वाफ्यावर शेण, पाला, फांद्या रचून जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. निम्मं गाव आपला राब पेटवायला आक्कांना बोलवायचं.

मग आजूबाजूच्या गावांनी मिळून, पुन्हा रान वाढावं म्हणून, वरचा बोडका डोंगर मोकळा सोडायचं ठरवलं. शेतकरी, देवस्थानची मंडळी, भोरच्या कॉलेजातली पोरं आणि मी. चराई बंद, कुऱ्हाड बंद, चांगलं गवत यावं म्हणून दरवर्षी लावतात तो वणवा बंद. आक्कांनी आपला माळ सगळ्यांच्या आधी दिला.

"माज्या सासूनं हितं भेकर बगितलेलं," त्या म्हणाल्या. "मला बी बगायचंय."

शेतं आणि डोंगर यांच्यामध्ये गवत खरवडून एक पट्टा ठेवायचा होता, आग वर जाऊ नये म्हणून. किती रुंद, ते अर्थात आक्कांना विचारलं.

"दोन हात बास. हयात गेली माजी ह्यात."

आम्ही माना डोलावल्या.

दोन पावसाळ्यांत डोंगर ओळखू येईना. ऐनाच्या तोडलेल्या खुंटांना फूट आली, तित्तर बोलू लागले, गवत कमरेला लागलं. आक्का वर बघून हरखायच्या. दोन हात हे चरलेल्या, आखूड गवताच्या डोंगराचं माप होतं, एवढं मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

फाल्गुनात त्यांनी स्वतःचा राब पेटवला. माती सोडून पाहिली होती, वारा बरोबर होता. दुपारी तो फिरला. उंच गवत पट्ट्यावर ओणवं झालं होतं, त्याने आग धरली. आक्का ओलं गोणपाट घेऊन झोडपत होत्या. त्यांना ओढून खाली आणावं लागलं. संध्याकाळी सगळा डोंगर काळा होता.

डोंगर राखणाऱ्या आमच्या गटाच्या पुढच्या बैठकीला त्या सतरंजीवर बसल्या नाहीत. दाराशी उभ्या राहिल्या.

"काय आक्का, आज इस्तू काय म्हंतोय?" मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"हसा बाबांनो. हसन्याजोगंच केलंय म्या," त्या म्हणाल्या. "पर माजी शिक्षा काय ती सांगा."

"आक्का, असं कुठं असतंय व्हय? चा घ्या," गटाचे प्रमुख म्हणाले.

त्यांनी चहा घेतला नाही. शिक्षा मिळाली असती तर त्यांना सोसवली असती. माफी सोसवली नाही. त्या मुख्य रस्ता टाळून घरांच्या मागून जाऊ लागल्या. पुढच्या वर्षी राब न भाजताच बी टाकलं. रोपं पिवळी, मरतुकडी आली.

"अहो आक्का, तुम्हाला कोणी बंदी केली आहे का?" मी विचारलं.

"मीच केलीया, बाई."

माती सोडून वारा बघणंही थांबलं. हात खाली जायचा आणि रिकामाच वर यायचा. थंडी पडली की त्या खुरपं घेऊन पट्ट्यावर जात. मदतीला गेलेल्याला म्हणत, "तुमी जावा. हे माजं हाय." पट्टा बैलगाडी जाईल एवढा रुंद झाला, तरी खरवडणं चालूच. शेवटच्या आजारपणातही नखांत माती होती. भेकर काही त्यांना दिसलं नाही.

यंदा चैत्रात कोणीतरी मार्गासनीच्या बाजूला वणवा लावला. तो शेतांच्या कडेने पसरत आमच्या डोंगराखाली आला. आम्ही गोणपाटं घेऊन धावलो. आग पट्ट्यापर्यंत आली, तिथेच बसली आणि विझली.

आक्कांच्या हातून डोंगर जळला, हे खरं आहे. तो तुम्ही पुढच्या वेळी आलात की दाखवीन. ऐनाला खालून पुन्हा फूट आली आहे, करवंदी दाटल्या आहेत, आणि पट्टा आहे.